गाडी किती लेट ते विचारू नका, कुठवर आली ते विचारा

फलाटावरच्या पाटीवर '४० मिनिटे उशिरा' दिसलं की माणसं घड्याळात ४० मिनिटं मिळवतात आणि निवांत चहाला जातात. फसगत तिथंच होते. शेवटची नोंद झाली त्या स्टेशनात गाडीला जेवढा उशीर झाला होता, तेवढा आकडा पाटी दाखवते. तिथून तुमच्या फलाटापर्यंत काय वाढून ठेवलंय याचा त्यात पत्ता नसतो. म्हणून ४० चे ५५ होतात, ५५ चा सव्वा तास होतो, आणि दर वेळी माणसाला वाटतं की आपल्याशी कुणीतरी खोटं बोलतंय.

मी मराठवाड्यातल्या सेलूला राहते, नोकरी परभणीला. कारकुनाची जागा, महिन्याचा पास, पिशवीत डबा, आणि ऑफिसात लेट मार्कचं रजिस्टर. तीन लाल खुणा झाल्या की एक किरकोळ रजा गेली. तेव्हा गाडीची खबर काढणं हा माझा शौक नाही, रजा वाचवायचा धंदा आहे. गाडी लेट होऊ नये यावर माझ्याकडं उपाय नाही. खबर कशी काढायची, ती काढून काय करायचं, आणि मागून कुणाला जाब विचारायचा, एवढं मात्र अपडाऊन करता करता जमलंय. तेवढंच सांगते.

पाटी अशी का बोलते

मुंबईहून मनमाडपर्यंतचा मार्ग मध्य रेल्वेचा. मनमाड सोडलं की आपला, म्हणजे दक्षिण मध्य रेल्वेचा नांदेड विभाग लागतो. हा विभाग १ एप्रिल २००३ ला झाला. परभणी ते मुदखेड आता दुहेरी आहे. पण परभणीहून जालन्याकडं निघालात की एकेरी मार्ग. एकाच रुळावरून दोन्हीकडच्या गाड्या. समोरून गाडी येत असेल तर एकीनं स्टेशनातल्या लूप लाइनला जाऊन थांबायचं, दुसरीला वाट द्यायची. यालाच क्रॉसिंग म्हणतात. कोण कुठं थांबणार हे स्टेशन मास्तर ठरवत नाही. नांदेडला कंट्रोल ऑफिसात सेक्शन कंट्रोलर बसलेला असतो, तो ठरवतो, आणि ते अर्धा-पाऊण तास आधीच्या परिस्थितीवर ठरवतो. वंदे भारत ३० डिसेंबर २०२३ पासून जालन्यापर्यंत होती, २०२५ च्या ऑगस्टात ती नांदेडपर्यंत आली. तिला कुणी उभं करत नाही. बाकीच्यांना करतात.

आता पाटीकडं या. गाडी एखाद्या स्टेशनातून गेली की तिची वेळ कंट्रोलच्या कॉम्प्युटरात चढते. काही इंजिनांवर इस्रोच्या मदतीनं बसवलेलं यंत्र आहे, ते दर ३० सेकंदांनी गाडीचा ठिकाणा कळवतं. तिथून ही माहिती चौकशीच्या यंत्रणेत, मोबाइलवर आणि फलाटावरच्या पाटीत जाते. कॉम्प्युटर हिशोब सरळ करतो: मागच्या स्टेशनात इतका उशीर, पुढं इतकं अंतर, म्हणजे इतक्याला येईल. समजा गाडी रांजणीला लूपमध्ये उभी आहे आणि तिला दोन गाड्यांना वाट द्यायची आहे. ते कंट्रोलरला माहीत असतं, पाटीला नसतं. गाडी हलून परतूरची नोंद झाली की मग एकदम आकडा उडी मारतो. फलाटावर तोवर 'असुविधेबद्दल आम्ही दिलगीर आहोत' तीन भाषांतून चालू.

एक गोष्ट मधल्या स्टेशनातल्या लोकांनी कायम ध्यानात ठेवावी. रेल्वे गाडीचा वक्तशीरपणा शेवटच्या स्टेशनावर मोजते. वेळापत्रकात शेवटाकडं जास्तीची मिनिटं राखून ठेवलेली असतात. आपल्याकडं अर्धा तास उशिरा आलेली गाडी शेवटी वेळेवर पोचते आणि कागदोपत्री ती राइट टाइम असते. मधे सेलूला, परतूरला, मानवत रोडला जी माणसं ताटकळली, त्यांचा उशीर त्या हिशोबात येतच नाही. त्यामुळं 'सगळ्या गाड्या वेळेवर' अशी बातमी वाचून कुणाशी वाद घालू नका. दोघंही खरं बोलत असता.

मास्तरांना काय विचारायचं

'साहेब, गाडी किती लेट?' असं विचारलं की मास्तर पाटीकडं बोट दाखवणार. त्यांच्यासमोरही तोच आकडा आहे. शिवाय तेव्हा ते पुढच्या स्टेशनाकडून लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, घेत असतात, एका कानाला कंट्रोलचा फोन. तिथं एखादा खिडकीत डोकं घालून 'आम्ही काय येडे हाव का' म्हणून सुरू झाला, की उत्तर मिळायची शक्यता संपली. मागं उभ्या असलेल्यांचीसुद्धा.

फोन खाली ठेवेपर्यंत थांबा. मग एक प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर दोन शब्दांत देता येतं:

'साहेब, जालना सुटली का?'

'क्रॉसिंग कुठं पडतंय?'

'मधे दुसरी गाडी पुढं काढणार का?'

गाडी सुरुवातीच्याच स्टेशनाहून उशिरा सुटणार असेल तर: 'रेक (म्हणजे गाडीचे डबे) आला का?'

हे प्रश्न ऐकले की मास्तर वर बघतात. कारण याची उत्तरं त्यांच्याकडं खरोखर असतात आणि ती देताना त्यांना अंदाज बांधावा लागत नाही. पुढं कधी येईल हे मास्तर सांगत नाहीत, कारण उद्या कुणी म्हणायचं की मास्तर साडेनऊ म्हणाले होते. कुठं आहे ते मात्र सांगतात. वेळेचा हिशोब आपण करायचा.

परवाची गोष्ट. स्टेशनाचं नाव नको. रात्रीची वेळ, मुंबईकडं जाणारी गाडी. बाकावर एक मावशी, शेजारी मुलगा, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली दवाखान्याची फाइल. मुंबईला दाखवायला निघालेले. पाटीवर ५० मिनिटं. पोरगं म्हणालं, 'आई, खाऊन घेऊ का?' तर मावशी म्हणाल्या, 'नको रे, एवढ्यात यील.' जिन्यावरून पलीकडच्या फलाटावर जायचं होतं, त्यांचे गुडघे धरलेले, म्हणून त्या उठायलाही तयार नाहीत आणि डबा सोडायलाही तयार नाहीत. मी आत जाऊन विचारलं. गाडी पूर्णेच्याही अलीकडं आली नव्हती. बाहेर येऊन सांगितलं, 'मावशी, पूर्णा सुटायचीय अजून. नीट जेवा, गोळी घ्यायची असेल तर घ्या, सव्वा तास कुठं जात नाही.' भाकरीचा तुकडा मोडताना त्या एवढंच म्हणाल्या, 'बाई, हे त्या भोंग्यात का सांगत नाहीत?' मला उत्तर देता आलं नाही. खरंच का सांगत नाहीत? 'गाडी आता पूर्णेला आहे' हे वाक्य 'असुविधेबद्दल दिलगीर' पेक्षा लहान आहे.

हिशोबासाठी आपल्या स्टेशनाच्या मागची दोन-तीन स्टेशनं आणि तिथून लागणारा वेळ तोंडपाठ करा. मुंबईहून येणाऱ्या गाडीला पहिला प्रश्न 'मनमाड सुटली का?' कारण कसारा घाटात, इगतपुरीला जे व्हायचं ते मनमाडपर्यंत होऊन जातं, आणि तिथून पुढं एकेरी मार्गावर तिची ठरलेली जागा चुकलेली असली तर उशीर वाढतोच. दुसरा प्रश्न 'संभाजीनगर?' तिसरा 'जालना?' जालना सुटल्याशिवाय सेलूकरानं घर सोडायचं कारण नाही.

मोबाइलवर बघताना

नाव टाकून गाडी शोधू नका, पाच आकडी नंबर टाका. देवगिरी दोन आहेत. मुंबईहून येणारी १७०५७, जाणारी १७०५८. तपोवनही तशीच: येणारी १७६१७, जाणारी १७६१८. आपल्या मार्गावरच्या या गाड्यांचा विषम आकडा मुंबईकडून येणारीचा, सम आकडा जाणारीचा. अर्धी माणसं उलट्या गाडीचा ठिकाणा बघून स्टेशनात धावत येतात.

दुसरी गडबड तारखेची. देवगिरी मुंबईहून रात्री सुटते आणि आपल्याकडं सकाळी येते. ॲपमध्ये सुटण्याची तारीख विचारली तर ती कालची असते, आजची नाही. आजची टाकली की 'अजून सुटलेली नाही' असं दिसतं आणि घरात रडारड. परवाची टाकली की 'पोचली'. आधी तारीख बघा, मग गाडी बघा, मग 'शेवटची नोंद किती वाजता' ते बघा. शेवटची नोंद पाऊण तासापूर्वीची असेल तर गाडी कुठंतरी उभी आहे असं समजा.

रेल्वेचं स्वतःचं ॲप एनटीईएस. त्यात रद्द झालेल्या, मार्ग बदललेल्या, वेळ बदललेल्या गाड्यांची यादीही असते. ब्लॉकच्या, म्हणजे रुळाच्या कामासाठी मार्ग बंद ठेवतात त्या, दिवसांत ती सकाळी उठल्या उठल्या बघावी. 'व्हेअर इज माय ट्रेन' हे खासगी ॲप आहे. गाडीत बसलात की ते मोबाइल टॉवरवरून ठिकाणा काढतं, इंटरनेट नसलं तरी चालतं. फलाटावर बसून बघायचं तर ते गाडीतल्या प्रवाशांच्या फोनवर आणि रेल्वेच्या माहितीवर अवलंबून. मी दोन्ही बघते. दोन्हीत फरक आला तर मास्तरांकडं जाते.

साधा फोन असेल तर १३९. कुठल्याही फोनवरून लागतो, मराठी निवडता येते. चौकशीला २ दाबायचं, तक्रारीला ४, आजारपण किंवा सुरक्षेची भानगड असेल तर १. माणसाशीच बोलायचं असेल तर फुलीचं (*) बटण. माझ्या सासूबाईंना हे एवढं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलंय, कागद फोनच्या कव्हरात. रात्रीच्या लेट गाडीत झोप लागायची भीती असेल तर याच १३९ वर स्टेशन जवळ आलं की उठवायची सोय मागता येते. गाडी लेट असली की घड्याळाचा गजर काही कामाचा नाही, माणूस जालन्याऐवजी रानात उठतो.

तिकीट काढतानाच अर्धं काम होतं

आपल्याकडं तिकिटं बहुतेक कॉम्प्युटरच्या दुकानात काढतात. दुकानदार घाईत स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतो. मग गाडी रद्द झाली, वेळ बदलली, याचे मेसेज त्याच्या फोनवर जातात, आणि तुम्ही चौथ्या फलाटावर बायकापोरांसह. समोर उभं राहून सांगा: 'भाऊ, माझा नंबर टाक.' पैसे देण्याआधी वाचून बघा. खिडकीवरच्या फॉर्मवरही मोबाइलचा रकाना असतो, तो रिकामा सोडू नका. म्हाताऱ्या माणसाचं तिकीट असेल तर जो फोन उचलतो आणि मेसेज वाचतो अशाचा नंबर द्या.

थांबायचं की एसटी गाठायची

हे भावनेवर ठरवलं की माणूस दोन्हीकडून जातो. दोन तास फलाटावर काढायचे आणि मग वैतागून बसस्टँडवर जायचं, तोवर शेवटची सोयीची लालपरी गेलेली. स्टेशनात आल्या आल्या मनाशी एक वेळ ठरवा: अमुक वाजेपर्यंत अमुक स्टेशन सुटलं नाही तर मी निघाले. सकाळी मी जालन्यावर ठरवते. माझ्या हिशोबानं ऑफिसची वेळ गाठायला गाडीनं ज्या वेळेला जालना सोडायला हवं, त्याच्यापुढं मी पंधरा मिनिटं देते. नंतर पाटी काहीही म्हणो.

आरक्षित तिकीट असेल तर निघण्याआधी पैशाचं बघा. तुमच्या स्टेशनाहून गाडी ठरल्या वेळेपेक्षा तीन तासांहून जास्त उशिरा सुटत असेल आणि तुम्ही प्रवास करणार नसाल, तर पूर्ण भाडं परत मिळतं. २०१५ च्या परतावा नियमांत हे आहे. वेटिंग, आरएसी, कन्फर्म, सगळ्यांना लागू. तत्काळलाही. पण यात चार ठिकाणी माणसं ठेचकाळतात.

ऑनलाइन तिकीट 'कॅन्सल' करू नका. कॅन्सल दाबलं की नेहमीची कपात होते, आणि चार्ट झाल्यावर तर बटणच चालत नाही. आयआरसीटीसीवर आपल्या व्यवहारांच्या यादीत 'टीडीआर भरा' असा पर्याय असतो. टीडीआर म्हणजे तिकीट जमा केल्याची पावती, तिच्यावर पैसे परत मागता येतात. पीएनआर निवडायचा, कारणांच्या यादीतून गाडी तीन तासांहून जास्त लेट आणि प्रवास केला नाही हे कारण निवडायचं, झालं. हे गाडी तुमच्या स्टेशनाहून प्रत्यक्ष सुटण्याच्या आत करायचं. घरी जाऊन, जेवून, निवांत करीन म्हणाल तर गेलं.

खिडकीवरचं तिकीट असेल तर गाडी सुटायच्या आत खिडकीवर परत द्यायचं. लहान स्टेशनात रात्री आरक्षणाची खिडकी बंद असते. अशा वेळी मास्तरांकडं तिकीट जमा केल्याची टीडीआर पावती मागा.

तीन तास तुमच्या स्टेशनावरचे मोजतात. गाडी मुंबईला सव्वातीन तास उशिरा सुटली आणि सेलूला पावणेतीन तासांवर आली, तर तुम्ही नियमात बसत नाही. पंधरा मिनिटांसाठी वाद घालून उपयोग नाही.

आणि पाटीचा फोटो काढा. एनटीईएसचा स्क्रीनशॉटही. तारीख आणि वेळ दिसेल असा. पैसे परत येताना रेल्वे स्वतःची नोंद तपासतेच, पण आपल्या हातात कागद असला की बोलताना आवाज बदलतो.

मनमाडला गाडी बदलणाऱ्यांसाठी वेगळं सांगते, कारण आपल्याकडून दिल्लीकडं, भोपाळकडं जाणारे पुष्कळ जण तिथं उतरून दुसरी गाडी धरतात. दोन तिकिटं वेगवेगळी काढली आणि पहिली गाडी लेट होऊन दुसरी सुटली, तर पूर्वी दुसऱ्या तिकिटाचे पैसे बुडायचे. १ एप्रिल २०१९ पासून दोन पीएनआर एकमेकांना जोडता येतात. दोन्ही तिकिटांवर प्रवाशांची माहिती जशीच्या तशी सारखी हवी. एकावर 'बालाजी' आणि दुसऱ्यावर 'बालाजीराव' नको. जोडलेली असतील आणि पहिल्या गाडीच्या उशिरामुळं दुसरी चुकली, तर न झालेल्या प्रवासाचं भाडं कपात न होता मिळतं. त्यासाठी पहिली गाडी मनमाडला पोचल्यापासून तीन तासांच्या आत टीडीआर भरायचा किंवा तिकीट खिडकीवर द्यायचं. तिकीट काढतानाच दुकानदाराला 'जोडून काढ' म्हणून सांगा. सांगितल्याशिवाय कुणी जोडत नाही.

गाडी रानात उभी राहिली तर

डब्यातून खबर मिळायचे मार्ग दोनच: टीसी, आणि शेवटच्या डब्यातला गार्ड. त्याला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, त्याच्याकडं वॉकीटॉकी असतो. टीसी फिरकला नाही तर १३९ ला लावा आणि गाडी का उभी आहे ते विचारा.

खाली उतरू नका. हे मी आमच्याच लोकांना जास्त सांगते. एकेरी मार्गाची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या सवय. गाडी उभी राहिली की उतरायचं, रुळावर बसायचं, तंबाखू मळायची, कारण दुसरी गाडी येणार कुठून? आता परभणीपासून पुढं नांदेडकडं शेजारी दुसरा रूळ आहे आणि त्यावरून गाडी येते, तीही वेगात. २२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्स्प्रेस उभी राहिली, डब्यात आग लागल्याची अफवा उठली, माणसं पलीकडच्या रुळावर उतरली आणि समोरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. डझनभर माणसं गेली. आग नव्हतीच. डब्यात कुणी 'अमुक झालंय म्हणं' असं सुरू केलं तर पहिला प्रश्न: 'तुम्ही पाहिलं का?'

हाच प्रश्न आमच्या अपडाऊनवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा एकमेव नियम आहे. ग्रुपवर फक्त डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचं, स्टेशन आणि वेळ टाकून. 'मानवत रोड सुटली ८.१२.' एवढंच. 'ऐकलंय की आज ब्लॉक आहे' चालत नाही. 'गुड मॉर्निंग' चालत नाही. गुलाबाचं फूल तर अजिबात नाही. एका भाऊसाहेबांना फुलांवरून ग्रुपबाहेर काढलं, ते महिनाभर आमच्या डब्यात बसले नाहीत. पण मागच्या स्टेशनातून चढणारा माणूस जे एका ओळीत कळवतो, ते कुठल्याही पाटीपेक्षा आधी आणि नेमकं असतं. तुमच्या मार्गावर असा ग्रुप नसेल तर काढा, आणि मागच्या तीन स्टेशनांतला निदान एकेक माणूस त्यात घ्या. नाहीतर सगळे एकाच फलाटावरचे, एकमेकांना विचारत बसणार.

तक्रार कशी लिहायची

'गाडी लेट झाली' अशी तक्रार करू नका. त्याला 'परिचालनाच्या कारणास्तव' असं उत्तर येतं आणि तक्रार बंद होते. सांगितलं नाही याची तक्रार करा. ते काम स्टेशनावरच होण्यासारखं असतं आणि त्याला कारण देता येत नाही. रेलमदद ॲपवर किंवा १३९ वर ४ दाबून करता येते, नंबर मिळतो, तो जपून ठेवायचा. मजकूर साधारण असा:

'दि. … रोजी गाडी क्र. … साठी … स्थानकावर रात्री ८.१० ते ९.४० थांबलो. या वेळात फलाट २ वरील सूचना पाटी बंद होती. उद्घोषणा एकदाच, ८.२० ला झाली. त्यात गाडी कुठं आहे व उशिराचं कारण सांगितलं नाही. फलाट बदलल्याची सूचना गाडी येण्याआधी ४ मिनिटे दिली. सोबत दोन ज्येष्ठ नागरिक होते, जिना चढावा लागला. पाटी दुरुस्त करावी आणि गाडीचं प्रत्यक्ष ठिकाण उद्घोषणेत सांगावं.'

वेळा, फलाट क्रमांक, काय हवं ते. 'भोंगळ कारभार', 'झोपलेलं प्रशासन' असले शब्द पेपरवाल्यांना सोडा. बंद पाटीचा फोटो जोडा. उत्तर आलं आणि पाटी तशीच असेल तर अभिप्रायात 'असमाधानी' निवडा. बरेच जण तिथं सवयीनं 'ठीक' दाबतात आणि मग ग्रुपवर चिडतात.

कुणाचा विभाग ते बघून लिहा. परभणी, जालना, हिंगोली, नांदेड हे नांदेड विभागात. लातूर आणि धाराशिव मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. उदगीर सिकंदराबाद विभागात. लातूरच्या बंद पाटीची तक्रार नांदेडला पाठवली तर ती इकडून तिकडं फिरत राहते. मराठवाडा एक असला तरी रेल्वेच्या नकाशावर तो तीन तुकड्यांत आहे, आणि आपल्या निम्म्या तक्रारी या फटीत पडतात असं माझं मत आहे.

मोठं नुकसान झालं असेल, म्हणजे परीक्षा हुकली, विमान चुकलं, तर ग्राहक आयोगात जाता येतं. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातल्या आयोगात अर्ज करता येतो, दोन वर्षांची मुदत असते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. ६ सप्टेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं एका प्रवाशाच्या बाजूनं निकाल दिला. त्याची जम्मूची गाडी चार तास लेट झाली, श्रीनगरचं विमान गेलं, टॅक्सी करावी लागली. उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणानं झाला हे रेल्वेला सिद्ध करता आलं नाही, म्हणून भरपाई द्यावी लागली. म्हणजे कारण दाखवण्याचं ओझं रेल्वेवर आहे. आपल्याकडं तिकीट, वेळेचे फोटो आणि नुकसानीची पावती हवी.

रोजचीच गाडी रोजच लेट होत असेल तर माहिती अधिकार वापरा. १० रुपये शुल्क, ऑनलाइन भरता येतं, ३० दिवसांत उत्तर. 'गाडी लेट का होते' असा प्रश्न घालू नका, त्याला उत्तर द्यायला ते बांधील नसतात. नोंद मागा: 'गाडी क्र. … ची दि. … ते दि. … या काळातली … स्थानकावरची प्रत्यक्ष आगमनाची व सुटण्याची वेळ, आणि प्रत्येक दिवशी उशिराचं नोंदवलेलं कारण.' स्थानक शेवटचं लिहू नका, आपलं लिहा. आलेला तक्ता घेऊन मग खासदारांकडं, प्रवासी संघटनेकडं जा. नुसतं निवेदन नेलं तर हार घालून फोटो निघतो. तक्ता नेला की बाजूला बसलेला रेल्वेचा अधिकारी वही काढतो.